थॉमस कप आणि आपली दुहेरी

बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर १९५१ ते १९६३ या काळात थॉमस कप या सांघिक स्पर्धेत भारताकडून १६ एकेरी सामने खेळले आणि त्यांतले १२ जिंकले. दुहेरीचे सामनेही ते १६च खेळले. विजय मात्र ८. भारत या स्पर्धेत सत्तर वर्षं का अडकून पडला, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने या दोन आकड्यांपाशी थोडं थांबावं. नाटेकर दुहेरीत कच्चे होते असं मुळीच नाही. एकेरीइतकीच, म्हणजे सहा वेळा, त्यांनी दुहेरीची राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली होती. पण सांघिक स्पर्धेत समोर येणाऱ्या जोड्या एकमेकांच्या सवयीनं खेळत, आणि आपले खेळाडू आपापल्या गुणांवर.

हा कप देणारे सर जॉर्ज थॉमस हे विलक्षण गृहस्थ होते. ऑल इंग्लंडचं एकेरीचं विजेतेपद त्यांनी १९२० ते १९२३ असं सलग चार वर्षं मिळवलं. दुहेरी आणि मिश्र दुहेरी धरून तिथली त्यांची विजेतेपदं २१ होतात. बुद्धिबळातही ते मोठे. १९३४-३५च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांका आणि बोत्विनिक या दोघांनाही हरवलं होतं. आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघाचे पहिले अध्यक्ष या नात्यानं, टेनिसच्या डेव्हिस कपसारखी देशादेशांतली स्पर्धा बॅडमिंटनलाही हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९३९ साली त्यांनी करंडक देऊ केला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. त्यामुळे पहिली स्पर्धा व्हायला १९४८-४९चा मोसम उजाडला. इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी झालेल्या अंतिम लढतीत मलायानं डेन्मार्कला ८-१ असं धुतलं. ज्यांनी खेळाचे नियम लिहिले, स्पर्धा उभी केली, करंडक दिला, त्या इंग्रजांना तो आजवर एकदाही जिंकता आलेला नाही.

ते नियम लिहिण्यात पुण्याचा वाटा होता. १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी खेळाचे सुरुवातीचे नियम बांधले, हे मराठी वाचकाला अभिमानानं सांगितलं जातं. मला त्या अभिमानापेक्षा पुढचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. थॉमस कपमध्ये भारत १९५२ साली अंतिम लढतीच्या एक पायरी अलीकडे पोहोचला आणि अमेरिकेकडून हरला. १९५५ साली डेन्मार्कनं अडवलं. १९७९ साली प्रकाश पदुकोणच्या काळात पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा डेन्मार्क. पुढच्याच वर्षी प्रकाशनं लीम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवून ऑल इंग्लंड जिंकलं. २००१ साली पुल्लेला गोपीचंदनं ते पुन्हा करून दाखवलं. जगात कोणालाही हरवू शकणारा एकेरीचा खेळाडू आपल्याकडे अधूनमधून निपजत होता, पण थॉमस कप एकट्याच्या जोरावर जिंकता येत नाही.

सुरुवातीला एका लढतीत नऊ सामने असत, पाच एकेरीचे आणि चार दुहेरीचे, आणि ते दोन दिवस चालत. १९८४पासून ते पाचवर आले: तीन एकेरी, दोन दुहेरी. तीन सामने जिंकले की लढत जिंकली. वरवर पाहता हा बदल आपल्या सोयीचा वाटतो. तीन चांगले एकेरीवाले जमवले की झालं. प्रत्यक्षात समोरच्या संघाचा पहिला खेळाडू बहुधा जगातल्या पहिल्या पाच-सहांतला असतो आणि तिथे एक सामना जातोच. मग दुहेरीतला एक तरी सामना खात्रीनं हाती लागला पाहिजे. इंडोनेशियानं हे गणित फार लवकर ओळखलं. त्यांच्या १४ विजेतेपदांमागे एकेरीच्या थोर खेळाडूंइतकाच पिढ्यानपिढ्या घडवलेल्या जोड्यांचा आधार आहे. तिथे या खेळाचं वेडही तसंच. १९६७च्या जकार्तातल्या अंतिम लढतीत प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की पंचप्रमुख हर्बर्ट शील यांनी खेळ थांबवला. उरलेले सामने न्यूझीलंडमध्ये खेळायला इंडोनेशियानं नकार दिला आणि कप मलेशियाला गेला.

आपल्याकडची दुहेरी बरीच वर्षं एकेरीच्या उरल्यासुरल्या वेळात खेळली गेली. ही सवय मोडायला बाहेरचा माणूस यावा लागला. मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर २०१५ साली भारतात आले आणि त्यांनी आंध्रातल्या अमलापुरमच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीला मुंबईच्या चिराग शेट्टीबरोबर उभं केलं. चिराग मुंबईत उदय पवारांकडे शिकलेला. पवार स्वतः दुहेरीचे नामवंत खेळाडू, त्यामुळे या मुलाच्या कानांवर जोडीच्या खेळाची भाषा लहानपणीच पडली होती. दोघेही उंच, दोघेही मागून जोरात मारणारे. अशा वेळी पुढे जाळ्यापाशी कोण थांबणार, हा प्रश्न असतो. दुहेरीत सर्व्हिस जाळ्याला जेमतेम चुकवून जावी लागते; फूल बोटभर वर गेलं तरी समोरचा ते खाली दाबतो. त्यानंतरचे चार-पाच फटके छातीच्या उंचीवरून इतक्या वेगानं येतात की विचार करून मारायला वेळच नसतो. जोडीदार कुठे असेल हे न बघता ठाऊक असावं लागतं. चिराग पुढे सरकून फूल अडवू लागला, सात्विकला मागून मारायला मोकळीक मिळाली, आणि हे बसायला काही वर्षं गेली. लंडन ऑलिंपिकचे रौप्यविजेते डॅनिश खेळाडू माथियास बो यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून या जोडीला धार लावली.

मे २०२२मध्ये बँकॉकला त्या मेहनतीचं मोल कळलं. गटात भारत तैवानकडून २-३ हरला होता, तेव्हा फार कोणी आशा धरली नव्हती. उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या ली झी जियाकडून लक्ष्य सेन हरला, उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या व्हिक्टर अॅक्सेलसेनकडून हरला. दोन्ही वेळा लगेच पुढचा सामना सात्विक-चिरागनं जिंकून बरोबरी साधली, डेन्मार्कविरुद्ध तर तिसऱ्या गेममध्ये २२-२० असा. किदांबी श्रीकांतनं दोन्हीकडे आघाडी मिळवून दिली, दुसऱ्या दुहेरीत दोन्हीकडे हार झाली, आणि दोन्हीकडे शेवटचा सामना एच. एस. प्रणॉयवर आला. डेन्मार्कच्या रासमुस गेम्केविरुद्ध प्रणॉय घसरला, घोटा दुखावला, पहिला गेम १३-२१ असा गेला. उपचार घेऊन तो पुन्हा उभा राहिला आणि पुढचे दोन गेम २१-९, २१-१२ असे घेतले. इतका धीर मी फार थोड्या सामन्यांत पाहिला आहे.

१५ मेच्या अंतिम लढतीत समोर गतविजेता इंडोनेशिया होता. लक्ष्यनं पहिला गेम ८-२१ असा गमावूनही अँथनी गिंटिंगला हरवलं. मग दुहेरी आली. मोहम्मद अहसान तीन वेळचा विश्वविजेता, केव्हिन सुकामुलजो जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या जोडीतला. पण दोघांचेही नेहमीचे जोडीदार वेगळे होते. माझ्या मते सगळ्या स्पर्धेचा निकाल इथे लागला. पहिला गेम इंडोनेशियानं २१-१८ असा घेतला. दुसऱ्यात सात्विक-चिरागनं चार मॅच पॉइंट वाचवून तो २३-२१ असा खेचला आणि तिसरा २१-१९ असा जिंकला. तिथे मॅच पॉइंट गेला असता तर लढत १-१ झाली असती आणि सगळा भार पुढच्या तीन सामन्यांवर आला असता. ती वेळ आलीच नाही. श्रीकांतनं जोनातन क्रिस्टीला २१-१५, २३-२१ असं हरवलं आणि भारत ३-० असा जिंकला. हा कप जिंकणारा भारत सहावा देश. सांगलीत जन्मलेल्या नाटेकरांना हे पाहायला मिळालं नाही. २८ जुलै २०२१ रोजी, या विजयाच्या जवळपास दहा महिने आधी, ते पुण्यात गेले.

सात्विक-चिराग पुढे २०२३ साली आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकून जागतिक क्रमवारीत पहिले झाले. पण थॉमस कपचं दुखणं पुरतं गेलेलं नाही. २०२४ साली चेंगडूमध्ये उपांत्यपूर्व फेरीत चीननं आपल्याला ३-१ असं हरवलं, आणि त्यात दुहेरीचे दोन्ही सामने आपण गमावले. बँकॉकला बाद फेरीत दुसऱ्या जोडीनं एकही सामना जिंकला नव्हता. प्रणॉयनं ते झाकलं. दर वेळी प्रणॉय सापडेल असं धरून चालता येणार नाही. एका जोडीवर कप राखता येत नाही, दुसरी जोडी तयार असावीच लागते.

ती जोडी राष्ट्रीय शिबिरात अचानक तयार होत नसते, ती जिल्ह्याच्या आणि गावच्या हॉलमध्ये व्हायला हवी. म्हणून पालकांना आणि क्लब चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: मुलांना आठवड्यातले दोन दिवस तरी एकाच जोडीदाराबरोबर खेळू द्या, जोडी सहा महिन्यांत मोडू नका, आणि पुढच्या जिल्हा स्पर्धेचा अर्ज भरताना दुहेरीचा रकाना रिकामा ठेवू नका.