विष्णू श्रीधर वाकणकर

विष्णू श्रीधर वाकणकर (४ मे १९१९ – ३ एप्रिल १९८८) हे मराठी भाषक भारतीय चित्रकार, पुरातत्त्वज्ञ आणि नाण्यांचे अभ्यासक होते. ते हरिभाऊ या नावानेही ओळखले जात. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलचित्रे, उज्जैनजवळील कायथा येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत आणि वैदिक सरस्वती नदीचा शोध या तीन विषयांशी त्यांचे नाव जोडले गेले आहे. प्राचीन ग्रंथांतील व लोककथांतील स्थळे प्रत्यक्ष भूमीवर पाहण्याची आवड सर्वसामान्य लोकांत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

जीवन

वाकणकर यांचा जन्म नीमच येथे झाला. शिंदे, होळकर व पवार यांच्या राजवटींमुळे माळव्यात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली होती. त्यांच्या जीवनकार्याचे केंद्र उज्जैन हे राहिले. ते मूळचे चित्रकार होते. शैलचित्रांच्या हुबेहूब नकला करता करता त्यांचा पुरातत्त्वाचा अभ्यास वाढत गेला. पुढे त्यांनी भारतातील चित्रित शैलाश्रयांवर प्रबंध लिहून १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. डेक्कन महाविद्यालयातील ह. धी. सांकलिया हे त्यांचे मार्गदर्शक होते. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ब्रूक्स यांच्यासमवेत भारतातील अश्मयुगीन चित्रकलेवर लिहिलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री किताब दिला. त्यांचे निधन सिंगापूर येथे झाले.

भीमबेटका

भीमबेटका हे नाव 'भीमाची बैठक' या अर्थाचे असून पांडव येथे राहिले होते, अशी लोकसमजूत आहे. डब्ल्यू. किनकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ मध्ये स्थानिक आदिवासींनी दिलेल्या माहितीवरून या जागेचा उल्लेख केला होता, परंतु ते बौद्ध स्थळ असावे असा त्याचा समज होता. १९५७ साली भोपाळकडे रेल्वेने जाताना वाकणकरांना दूरवर खडकांच्या विलक्षण रचना दिसल्या. युरोपातील चित्रित शैलाश्रयांशी त्यांचे साम्य जाणवल्याने ते तेथे पोहोचले आणि त्यांना भित्तींवरील चित्रे आढळली.

या परिसरात ७५० हून अधिक शैलाश्रय आहेत. शिकार, नृत्य, मध गोळा करणे, हत्ती-घोड्यांवरील स्वार असे विषय तेथील चित्रांत दिसतात. एकावर एक काढलेल्या चित्रांचा क्रम व शैली पाहून वाकणकरांनी त्यांची कालानुसार वर्गवारी केली. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी व वी. एन. मिश्र यांनी येथे उत्खनने केली. त्यांत पुराश्मयुगाच्या आरंभीच्या टप्प्यातील दगडी हत्यारे मिळाली. लोककथेने जागेची आठवण जपली होती, तिचे वय मात्र थरांतून व हत्यारांतून कळले. २००३ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला.

कायथा

उज्जैनच्या पूर्वेस सुमारे २५ किमी अंतरावर, छोट्या काळी सिंध नदीच्या काठी कायथा हे गाव आहे. ज्योतिषाचार्य वराहमिहिराशी संबंधित कपित्थक ते हेच, असे मानले जाते. वाकणकरांनी १९६० नंतरच्या दशकात येथील टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा वराहमिहिराच्या काळापेक्षा अडीच हजार वर्षांहून जुनी वसाहत उजेडात आली. पुढे १९६८ मध्ये डेक्कन महाविद्यालयाचे झै. दा. अन्सारी व म. के. ढवळीकर यांनीही येथे उत्खनन केले. तांब्याच्या कुऱ्हाडी व बांगड्या, अकीकाच्या मण्यांच्या माळा आणि एका भांड्यात साठवलेले शंखजिऱ्याचे सुमारे ४०,००० सूक्ष्म मणी हे येथील उल्लेखनीय अवशेष होत. या स्थळावरून 'कायथा संस्कृती' हे नाव रूढ झाले.

कायथा येथे कायथा, आहाड व माळवा या संस्कृतींचे थर क्रमाने मिळतात. माळवा संस्कृतीची खापरे दक्षिणेस अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातही सापडली आहेत. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे माळवा संस्कृतीच्या थरावर जोर्वे संस्कृतीचा थर आहे. जोर्वे हे गाव याच जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचा इतिहास समजून घेण्यासाठी माळव्यातील संशोधन आवश्यक ठरते.

सरस्वती शोधयात्रा

ऋग्वेदात सरस्वतीचे वर्णन मोठी नदी असे आहे, तर महाभारतात ती विनशन येथे लुप्त झाल्याचा उल्लेख आहे. घग्गर-हाक्रा या कोरड्या पात्राशी तिचा संबंध १९ व्या शतकापासून जोडला जात होता. ऑरेल स्टाइन यांनी १९४०-४१ मध्ये या पात्राची पाहणी केली होती. वाकणकरांनी १९८५ साली हरियाणातील आदिबद्रीपासून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत शोधयात्रा काढली. तज्ज्ञांपुरता असलेला हा विषय त्यानंतर सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

या नदीचा काळ व स्वरूप यांविषयी मतभेद कायम आहेत. २०१७ मधील एका भूशास्त्रीय अभ्यासानुसार सतलजने हे पात्र सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच सोडले होते व सिंधू संस्कृतीच्या वसाहती जुन्या, सोडलेल्या पात्राकाठी वसल्या. २०१९ मधील दुसऱ्या अभ्यासाने मात्र ही नदी सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही असल्याचा निष्कर्ष काढला.

मूल्यमापन

धर्मग्रंथ हाती घेऊन उत्खनन करण्याची परंपरा पश्चिम आशियात बायबलच्या संदर्भात अधिक जुनी आहे. जेरिको येथील पडलेली तटबंदी बायबलमधील यहोशवाच्या काळातील आहे, असे जॉन गारस्टँग यांनी म्हटले होते. कॅथलीन केन्यन यांच्या १९५२-५८ मधील उत्खननातून ती सुमारे हजार वर्षांनी जुनी ठरली. ग्रंथ कोठे शोधावे हे सुचवू शकतो, पण जे सापडले ते कोणत्या काळाचे, याचा निर्णय थर व अवशेष यांवरूनच करावा लागतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

वाकणकरांच्या कार्याकडेही याच दृष्टीने पाहता येते. भीमबेटका व कायथा येथील त्यांचे निष्कर्ष उत्खननाच्या पुराव्यावर उभे असल्याने त्यांचे स्थान पक्के आहे. सरस्वतीविषयी त्यांनी लोकांपुढे मांडलेला प्रश्न आजही संशोधनाचा विषय आहे.