पोटरीतल्या गल्ल्या

दोस्तांनो, खो-खोचा डाव खेळून आलात की पोटरीला हात लावून बघा. गरम लागते ना? आत केवढी लगबग चाललेली असते, सांगू?

आपल्या स्नायूंमध्ये केशवाहिन्या असतात. रक्ताच्या या गल्ल्या इतक्या अरुंद, की तांबड्या पेशी त्यांतून एकामागे एक, अंग दुमडून जातात! डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. निवांत स्नायूत त्यांना थोड्याच उघड्या दिसल्या, काम करणाऱ्या स्नायूत कितीतरी जास्त. या शोधासाठी त्यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

या गल्ल्यांतून स्नायूंच्या दाराशी साखर येते, म्हणजे ग्लुकोज. पण दार बंद! मग स्वादुपिंडातून निघालेलं इन्शुलिन येऊन हाक मारतं. ती ऐकून पेशीच्या आत बसलेले ‘ग्लुट-४’ नावाचे हमाल दाराशी येतात आणि साखर आत घेतात.

आता खरी गंमत. तुम्ही पळता तेव्हा स्नायू आखडतो, सैल होतो, पुन्हा आखडतो. तेवढ्यानंच हे हमाल दाराशी हजर होतात, इन्शुलिननं हाक मारायच्या आधीच! खेळ संपल्यावरही कित्येक तास स्नायूंचे कान टवकारलेले राहतात. इन्शुलिनची हळू हाकसुद्धा त्यांना पुरते. आणि रोज खेळलात, तर काही आठवड्यांत स्नायूंत नव्या केशवाहिन्याही फुटतात.

क्रोग यांच्या पत्नी मारी डॉक्टर होत्या. त्यांना मधुमेह झाला. १९२२ साली दोघं अमेरिकेला गेले, तेव्हा कॅनडातल्या टोरोंटोत नुकतंच इन्शुलिन सापडलं होतं. मारींच्या आग्रहावरून ऑगस्ट तिथं गेले आणि ते बनवण्याची परवानगी घेऊन परतले. लवकरच डेन्मार्कमध्ये इन्शुलिन तयार होऊ लागलं.

काही मुलांच्या शरीरात इन्शुलिन बनतच नाही, म्हणून ती रोज इंजेक्शन घेतात. कितीही खेळलं तरी त्यांना ते लागतंच. इंजेक्शन आणि खेळ, दोन्ही मिळून साखर स्नायूंत भराभर शिरते, आणि कधी कधी रक्तात फारच कमी उरते. तुमचा असा एखादा मित्र मध्येच थांबून काही गोड खाऊ लागला, तर त्याला चिडवू नका. त्याचं खाऊन होईपर्यंत डाव थांबवा, आणि मग त्यालाच पहिला खो द्या!