अँपारफे: फ्रेंचमधला चालू असलेला भूतकाळ
फ्रेंच क्रियापदांच्या गोतावळ्यात अँपारफे हा काळ त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचा. वर्तमानकाळातलं ‘आम्ही’चं रूप घ्यायचं, शेवटचं ‘ओं’ काढून प्रत्यय लावायचा. ‘नू फिनिसों’, आम्ही संपवतो. त्यावरून ‘झ फिनिसे’, मी संपवत होतो. मी, तू, तो, ते यांची स्पेलिंगं तीन, उच्चार मात्र एकच. ऐकणाऱ्याला सुख, लिहिणाऱ्याला ताप! नियमाला न जुमानणारं क्रियापद ‘एत्र’ (असणे): ‘झेते’, मी होतो.

आपल्या ‘जात होतो’ आणि ‘जात असे’ या दोन्हींचं काम अँपारफे एकटाच करतो. ‘ती वाचत होती, तेवढ्यात फोन वाजला’ यात वाचणं अँपारफेत, वाजणं पासे काँपोझेत, म्हणजे झालेली-संपलेली क्रिया सांगणाऱ्या भूतकाळात. खरी गोची पुढेच. ‘तो दहा वर्षं पॅरिसमध्ये राहिला’ इथे काळ लांबलचक असला तरी मुदत संपलेली आहे. म्हणून पासे काँपोझेच.