फ्लॉपीच्या खाचेत पेनड्राइव्ह

सुरतच्या लिंबायत-उधना पट्ट्यात एम्ब्रॉयडरीची खाती, म्हणजे छोटे कारखाने, एकाला एक चिकटून आहेत. खाली लूम, वर एम्ब्रॉयडरी आणि त्याच्याही वर कारीगरांच्या खोल्या, अशाही इमारती दिसतात. धुळे, नंदुरबार, जळगावकडून तापी लाइनच्या गाडीने आलेली माणसं इथे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि गल्लीतल्या एकाच वाक्यात अहिराणी, गुजराती, हिंदी तिन्ही नांदतात. मी ज्या खात्यात जाऊन बसलो त्याचे मालक खानदेशातलेच. मशिन जपानी, सेकंडहँड घेतलेलं, बारा हेडचं. एक फूल सांगितलं की बारा जागी बारा फुलं उमटतात. वय झालं असलं तरी मशिनचं अंग धडधाकट होतं. घोडं अडलं होतं ते पॅनलशेजारच्या एका खाचेपाशी. डिझाइन आत घ्यायला या मशिनला फ्लॉपी लागते.

सोनीने २०११मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं. त्यानंतर बाजारात फिरतो तो उरलासुरला माल. त्यात खात्यातली हवा म्हणजे धाग्याचे तंतू, तेलाचा वास आणि पावसाळ्यात चिकट दमटपणा. फ्लॉपीच्या आत शिरलेला एक तंतूसुद्धा डिझाइन अर्ध्यावर तोडायला पुरतो. इथे मोजणी टाक्यांवर चालते. मशिन उभं राहिलं की मालकाचं भाडं चालू आणि कारीगराचं काम बंद.

यावर सुरतेतल्या बऱ्याच खात्यांनी एक तोडगा केव्हाच काढला आहे. फ्लॉपी ड्राइव्ह उपसून त्या जागी गोटेक नावाचा चिनी डबा बसवायचा. आकार तोच, मागची ३४ पिनांची पट्टी तीच, तोंडाला मात्र पेनड्राइव्हची जागा. मशिनला वाटतं आपण फ्लॉपीच वाचतोय. डब्यावर दोन बटणं आणि तीन लाल आकडे. पेनड्राइव्हचे आधी विंडोजवरच्या एका खास सॉफ्टवेअरने शंभर तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक फ्लॉपी. बटण दाबत ०४७ वर आलात की सत्तेचाळीस नंबरची फ्लॉपी. तिच्यात काय आहे ते डबा सांगत नाही. म्हणून खात्यात एक तेलकट वही असते: ०४७ मोर बॉर्डर, ०४८ मोर बॉर्डर छोटी, ०४९ वर काट मारलेली. रातपाळीच्या कारीगराने चुकीचा आकडा लावला की बारा जागी बारा मोर चुकीचे.

खात्यावर येणारा मिकॅनिक तिशीचा, आधी मोबाइल रिपेअरिंग करायचा. त्याने तो डबा काढला आणि टेबलावर उघडला. आत तळहाताएवढं बोर्ड, मधोमध एक छोटा प्रोसेसर. डबा म्हणजे खरं तर एक लहानसा संगणकच, फक्त त्याच्यावर कोणता प्रोग्राम चालायचा ते कारखान्याने ठरवून कुलूप लावलेलं. मिकॅनिकने बोर्डावरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या आणि दोन्ही टोकांना सारखीच पिन असलेल्या यूएसबी केबलने बोर्ड कॉम्प्युटरला लावलं. स्क्रीनवर विचारणा आली, कुलूप काढायचं का? काढलं की कारखान्याचा प्रोग्राम पुसला जाणार आणि तो परत मिळवायची सोय नाही.

मालक मागे उभे होते. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही काका. आता परतीची वाट बंद, एवढंच."

मालकांना हा विनोद फारसा आवडला नाही.

मग त्याने डब्यात घातलं ते फ्लॅशफ्लॉपी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर. हे लिहिणारा कीर फ्रेझर हा इंग्लंडातला प्रोग्रामर. केंब्रिजमध्ये घडलेल्या झेन या मुक्त सॉफ्टवेअरचा तो एक मुख्य कारागीर. अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा सुरुवातीला त्याच झेनवर उभी राहिली. इतक्या मोठ्या कामातल्या माणसाने फ्लॉपीच्या डब्यासाठी प्रोग्राम का लिहावा, याचं उत्तर हौस. अमिगासारखे जुने संगणक, जुने सॅम्पलर चालू ठेवणाऱ्यांची एक जमात जगभर आहे, तिच्या गरजेतून ते घडत गेलं. त्यावर त्याने हक्क ठेवला नाही, सगळा कोड सार्वजनिक करून टाकला. त्याच्या डोळ्यांपुढे लिंबायतचं एम्ब्रॉयडरी खातं असेल असं मला वाटत नाही. पण कोड उघडा असला की तो कुणाकुणाच्या दारी जाईल याचा हिशेब लिहिणाऱ्याला करावा लागत नाही.

नव्या प्रोग्रामने पेनड्राइव्हचे शंभर तुकडे संपवले. साधा पेनड्राइव्ह, त्यात फ्लॉपीच्या साध्या फाइली, हव्या त्या नावाने. मिकॅनिकने लाल आकड्यांच्या जागी बोटभर ओएलईडी पट्टी जोडली आणि तिच्यावर 'मोर-बॉर्डर-छोटी' असं इंग्रजी अक्षरांत नाव उजळलं.

डबा मशिनला लावला आणि मशिनने सांगितलं, डिस्क नाही.

मला खरं कौतुक वाटलं ते पुढच्या दहा-पंधरा मिनिटांचं. फ्लॉपी ड्राइव्हच्या पट्टीतली ३४ नंबरची पिन काही यंत्रांना 'डिस्क तयार आहे' असं सांगते, तर पीसीच्या पद्धतीने चालणाऱ्यांना 'डिस्क बदलली आहे' असं. यंत्राला एक हवं असताना दुसरं मिळालं की ते हटून बसतं. पेनड्राइव्हमध्ये एफएफ डॉट सीएफजी नावाची साध्या मजकुराची फाइल असते, तिच्यात ही पिन काय बोलणार ते एका ओळीत लिहिता येतं. मिकॅनिकने ओळ बदलली, पेनड्राइव्ह घातला, नाही. इंटरफेसची वरची ओळ बदलली, नाही. दोन्ही बदलल्या, आणि पॅनलवर डिझाइनचं नाव आलं. बंद प्रोग्राम असता तर त्याने डबा बदलून दुसरा आणला असता, तोही चालला नसता तर मालकांना सांगितलं असतं की मशिन भंगारात द्या.

डिझाइनची फाइल डीएसटी नावाच्या प्रकारची असते. एका टाक्याला तीन बाइट, आणि एका नोंदीत कापडाची फ्रेम एका दिशेला जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर सरकते. रंग त्यात नसतोच. कोणत्या सुईला कोणता धागा ते कागदावर येतं. पन्नास हजार टाक्यांचं डिझाइन म्हणजे दीड लाख बाइटच्या आसपास, मोबाइलवर येणाऱ्या एखाद्या सुप्रभातच्या फोटोपेक्षा हलकं. एका फ्लॉपीत पावणेपाच लाखांवर टाके बसतात.

ही फाइल बनते पंचिंगवाल्याकडे, आणि तिथलं चित्र वेगळं आहे. पंचिंगची सॉफ्टवेअरं महाग, डोंगल लावून चालणारी, म्हणून क्रॅक केलेल्या प्रती सर्रास चालतात. माझ्या मते आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअरचा खरा शत्रू महाग सॉफ्टवेअर नाही, चोरलेलं सॉफ्टवेअर आहे. दोन्ही फुकट म्हटल्यावर हक्काचं फुकट कोण शिकणार? मग क्रॅकबरोबर व्हायरस येतो, पेनड्राइव्हवरच्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात, आणि ऐन सीझनमध्ये कॉम्प्युटर फॉरमॅटला जातो.

या खात्यातल्या जुन्या कॉम्प्युटरचं मरण तर तारखेनिशी ठरलं होतं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरला आत घेत नाही. मिकॅनिकने त्यावर लिनक्स मिंट टाकलं आणि सोबत इंक-स्टिच. इंकस्केप या चित्र काढण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरला जोडून चालणारं हे एम्ब्रॉयडरीचं साधन डीएसटी फाइल काढून देतं. मालकांची मुलगी त्यावर शाळांच्या युनिफॉर्मचे बॅज आणि नावं काढते. साडीचा भरगच्च पल्लू मात्र अजून पंचिंगवाल्याकडेच जातो. त्याचा हात वर्षानुवर्षं दुसऱ्या सॉफ्टवेअरवर बसलेला, आणि टिकलीच्या कामाला त्याला वेग लागतो. इंक-स्टिच त्याची जागा घेईल असं म्हणणं हा भाबडेपणा होईल.

घरातल्या वस्तूंची गोष्टही याच वाटेने गेली आहे. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरच्या आत लिनक्स आहे हे लोकांनी ओळखलं, परवान्याप्रमाणे कंपनीला २००३मध्ये त्याचा कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. आज कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी राउटर त्यावर चालतात. फोनचं मात्र अवघड आहे. लिनिएजओएस ही मुक्त प्रणाली टाकून जुना फोन ताजा होतो, पण बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप कधीकधी तोंड फिरवतं, आणि रिंग रोडच्या मार्केटात यूपीआयशिवाय फोन घेऊन फिरणं म्हणजे रिकामा खिसा. मिकॅनिकने म्हणूनच मोबाइलला हे करणं सोडलं. युरोपने २० जून २०२५पासून नव्या फोनना किमान पाच वर्षं अपडेट देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, पण त्यावर कंपन्या माहिती देतात ती वॉरंटीची, सुट्या भागांची, सर्व्हिसची. आतल्या प्रोग्रामच्या कुलपाबद्दल अजून कुणी विचारत नाही.

हिशेबाच्या वेळी मालकांनी विचारलं, सॉफ्टवेअर फुकट तर पैसे कसले? "फुकट त्याचं, काका. मजुरी माझी." थोडी घासाघीस झाली, तीही गुजरातीत, कारण पैशाचं बोलणं इथे गुजरातीतच होतं. तेवढ्यात शेजारच्या खात्याचे मालक डोकावले. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचं जुनं मशिन आहे, त्याच्या फ्लॉपीची मांडणीच वेगळी. साधा कॉम्प्युटर ती वाचतही नाही. अशी मांडणी डब्याला समजावायची सोय आणखी एका फाइलीत असते, पण ट्रॅक किती, सेक्टर किती ते आधी कळायला हवं. मिकॅनिकने त्यांच्याकडून चालू असलेली एक फ्लॉपी मागून घेतली आणि पिशवीत टाकली. दुसरी प्रत आहे का, असं त्याने दोनदा विचारून घेतलं.