पुत्रस्मृतीची शिष्यवृत्ती

पुत्रशोकाला औषध नाही, असे आपले पूर्वज सांगत आले. श्रावणाच्या अंध मातापित्यांनी पुत्रामागे प्राण सोडले आणि त्यांच्याच शापाने पुढे दशरथही पुत्रविरहाने गेला. महाविद्यालयात शिकणारा तरणाताठा मुलगा अपघाताने वा आजाराने गेला, की त्याच्या आईबापांपुढे आजही सांत्वनाचे सारे शब्द थिटे पडतात. अशा वेळी मुलाच्या शिक्षणासाठी साठविलेला पैसा जे मातापिता त्याच्याच महाविद्यालयास शिष्यवृत्तीसाठी देतात, त्यांच्याविषयी आम्हांला नितांत आदर वाटतो. परंतु हे दान टिकावे कसे, याचा विचार जितका व्हावयास हवा तितका होत नाही, हेही सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण मननीय आहे. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर व रेल्वेचे धनाढ्य मालक लेलँड स्टॅनफर्ड यांचा एकुलता एक मुलगा १८८४ साली फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने वारला. तो सोळा वर्षांचाही नव्हता. मातापित्यांनी त्याच्या नावे विद्यापीठ स्थापिले; १८९१ साली ते सुरू झाले आणि १९२० पर्यंत तेथे शिक्षणशुल्क नव्हते. पण खरी कसोटी पुढेच होती. १८९३ साली पती निवर्तले, मालमत्ता न्यायालयीन कचाट्यात सापडली, सरकारने कर्जाचा दावा लावला. तेव्हा घरखर्चासाठी मंजूर झालेल्या रकमेतून प्राध्यापकांचे पगार भागवून जेन स्टॅनफर्ड यांनी संस्था जगविली. पुढे त्यांच्या दागिन्यांच्या पैशातून ग्रंथालयासाठी कायमचा निधी उभा राहिला. स्थापनेच्या औदार्याइतकेच हे नंतरचे जतन मोलाचे होते.

आमच्याकडील शिष्यवृत्त्या नेमक्या या जतनाअभावी क्षीण होतात. एक लाख रुपये ठेवीत गुंतविले आणि शेकडा सात दराने व्याज मिळाले, तर वर्षाला सात हजार रुपये हाती येतात. ते सारे वाटून टाकले आणि महागाई वर्षाला शेकडा सहाने वाढली, तर बारा वर्षांत त्या सात हजारांची किंमत निम्म्यावर येते. एके काळी वर्षभराची फी भागविणारी रक्कम पुढे दोन पुस्तकांनाही पुरत नाही. मुलाचे नाव मात्र फलकावर राहते. यास्तव व्याजाचा काही भाग दरसाल मुद्दलात घालावा आणि दर पाच वर्षांनी रकमेचा फेरविचार व्हावा, अशी तरतूद दानपत्रातच असावी.

दुसरा प्रश्न अटींचा. पहिल्या क्रमांकाचाच विद्यार्थी, अमुक ज्ञातीचाच, अमुक विषयाचाच, असे निर्बंध वाढत गेले की एखाद्या वर्षी पात्र उमेदवारच मिळत नाही. गुणवत्तेचा मान राखावाच. पण सत्तरीच्या वा काणकोणच्या खेड्यातून येणाऱ्या, साठ टक्के गुण मिळविणाऱ्या मुलीचे शिक्षण बसभाडे व वसतिगृहाच्या खर्चापायी अडत असेल, तर तिची गरज अधिक निकडीची होय. मुक्तीपूर्वी गोव्यात कला-विज्ञानाचे पदवी महाविद्यालय नव्हते. १९६२ साली पणजीस धेंपे व मडगावास चौगुले महाविद्यालय निघेपर्यंत आमच्या मुलांना त्या शिक्षणासाठी बेळगाव, धारवाड, मुंबई, पुणे गाठावे लागे. नातलगांनी व ज्ञातिबांधवांनी हात दिला म्हणूनच त्यांतील कित्येक शिकले. त्या ऋणाची जाणीव अटी ठरविताना असावी.

संस्थांनीही आपली जबाबदारी ओळखावी. वर्षाकाठी हिशेब आणि विद्यार्थ्याची प्रगती मातापित्यांना कळविणे फारसे अवघड नाही. मदत घेणाऱ्यास व्यासपीठावर उभे करून त्याच्या गरिबीचा उच्चार मात्र होऊ नये. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती १९१२ साली मॅट्रिकला बसलेल्या चिंतामणराव देशमुखांनी मिळविली. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले, तरी त्यांच्या चरित्रात नानांचे नाव आवर्जून येते. एखाद्या अकाली गेलेल्या मुलाचे नावही असेच अनोळखी घरांत कृतज्ञतेने उच्चारले जावे, एवढीच त्याच्या आईबापांची इच्छा असते. ती पुरी करणे संस्थाचालकांच्या हाती आहे. आपल्याकडील जुन्या स्मृतिनिधींची तपासणी त्यांनी येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी करावी, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.