सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न : अपेक्षा आणि मर्यादा
(विशेष संदर्भ : वाशिम जिल्हा)

प्रस्तावना :
५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी (ता. मानोरा) येथून पंतप्रधानांनी 'प्रधानमंत्री किसान सन्मान निधी'चा अठरावा हप्ता वितरित केला. देशातील सुमारे ९.४ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत सुमारे २०,००० कोटी रुपये थेट जमा झाले. मात्र ज्या कुटुंबाच्या नावे सातबारा नाही, ज्याचा चरितार्थ केवळ शेतमजुरीवर चालतो, त्याला या निधीतून काहीही मिळत नाही. कारण योजनेचा निकष जमीनधारणा हा आहे. ही विसंगती दूर करण्याचा मार्ग म्हणून सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाच्या संकल्पनेकडे पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तिच्या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

संकल्पना :
प्रत्येक व्यक्तीस, कोणतीही अट न घालता, ठरावीक काळाने शासनाने रोख रक्कम द्यावी, असे या संकल्पनेचे स्वरूप आहे. सार्वत्रिकता, अटींचा अभाव आणि रोख स्वरूप ही तिची तीन लक्षणे होत. केंद्र शासनाच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत या विषयावर स्वतंत्र प्रकरण होते व त्यात माणशी वार्षिक ७,६२० रुपये ही रक्कम उदाहरणादाखल मांडली होती. या कसोटीवर पाहता 'किसान सन्मान निधी' किंवा २०२४ मध्ये सुरू झालेली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' यांपैकी कोणतीही योजना सार्वत्रिक ठरत नाही. पहिलीस जमिनीची, तर दुसरीस लिंग, वय व उत्पन्न यांची अट आहे.

अपेक्षा :
अटी असल्या की पडताळणी आली आणि पडताळणी आली की पात्र व्यक्ती वगळली जाण्याची शक्यता आली. कागदपत्रातील नावाची चूक किंवा आधारशी न जोडलेले खाते यांमुळे हप्ता अडू शकतो. सार्वत्रिक योजनेत हा अडसर बराच कमी होतो. मध्य प्रदेशातील काही गावांत २०११-१२ च्या सुमारास 'सेवा' संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने बिनशर्त रोख रकमेचा प्रयोग केला. त्यात आहार व मुलांची शालेय उपस्थिती यांत सुधारणा दिसून आली. रक्कम व्यसनांवर उधळली जाईल, ही भीती खरी ठरली नाही.

मर्यादा :
पहिली मर्यादा खर्चाची. २०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. माणशी ७,६२० रुपये धरल्यास एका जिल्ह्यासाठीच वर्षाला सुमारे ९१२ कोटी रुपये लागतील. राज्यातील ११.२४ कोटी लोकांना दरमहा १,००० रुपये द्यायचे झाल्यास हा आकडा सुमारे १ लाख ३५ हजार कोटींवर जातो. 'लाडकी बहीण' योजनेसाठी प्रारंभी जाहीर झालेल्या ४६,००० कोटींच्या वार्षिक तरतुदीच्या तो जवळजवळ तिप्पट आहे.

दुसरी मर्यादा महागाईची. राज्यातील शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत वाशिमचा समावेश होतो. येथील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना माणशी दरमहा ५ किलो धान्य सवलतीच्या दराने मिळत असे. २०२३ पासून त्याऐवजी दरमहा १५० रुपये रोख देण्याचे ठरले. पुढे ही रक्कम १७० रुपये करण्यात आली. बाजारभाव वाढला म्हणून पाच किलोचे चार किलो होत नाहीत. १७० रुपयांत येणारे धान्य मात्र घटते. किसान सन्मान निधीचे वार्षिक ६,००० रुपयेही २०१९ ते २०२४ या काळात वाढले नाहीत.

तिसरी मर्यादा पर्यायाची. रोख रक्कम दिल्यावर स्वस्त धान्य, आरोग्यसेवा व रोजगार हमी यांचा खर्च कमी करण्याचा मोह शासनास होऊ शकतो. १९७२ च्या दुष्काळातून पुढे आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने मजुरीबरोबर पाझर तलाव व रस्तेही दिले. रोख रकमेतून अशी सामूहिक मत्ता आपोआप निर्माण होत नाही.

समारोप :
सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न हा सर्व प्रश्नांवरील रामबाण उपाय नव्हे. तथापि केवळ 'फुकट वाटप' म्हणून ते झिडकारणेही योग्य ठरणार नाही. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हा म्हणून निवडल्या गेलेल्या वाशिमसारख्या जिल्ह्यात भूमिहीन शेतमजूर कुटुंबांपासून मर्यादित प्रारंभ करता येईल. मात्र ही रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडलेली असावी आणि ती शिधा व रोजगार यांच्या जागी नव्हे, तर त्यांच्या जोडीला दिली जावी. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचते की नाही, हीच अशा योजनेच्या यशाची खरी कसोटी ठरेल.