काटा, हवा आणि पाच किलोमीटर

कुपाटीसाठी बाभळीच्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेल्या की मागे काटे उरतात. पावसाळा सरला की बांधावरचे सराटे वाळून टणक होतात. कसेही पडले तरी त्यांचे एक टोक वर असतेच. जालना जिल्ह्यात सायकल चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. बाभळीचा काटा तर टायरमध्येच मोडून बसतो. वरून दिसत नाही, आणि नवी ट्यूब टाकली तरी दुसऱ्या दिवशी तिलाही टोचतो. म्हणून जाणता मिस्त्री टायरच्या आतून जपून बोट फिरवल्याशिवाय ट्यूब परत घालत नाही.

पंक्चरला पैसे थोडे लागतात, वेळ मात्र फार जातो. सळईच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसाला त्या वेळी दुकान उघडे सापडत नाही. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या मुलीची अडचण याहून मोठी. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींसाठी ही योजना आहे. राज्यातल्या ज्या मागास तालुक्यांत ती चालते, त्यांत जालना जिल्ह्यातलेही तालुके आहेत. सायकलीसाठी पूर्वी ३५०० रुपये मिळत, २०२२ मध्ये ते ५००० झाले. पण मुलीच्या गावात मिस्त्री नसेल तर सायकल भिंतीला टेकून राहते आणि शाळा बुडते.

अशा घरात बिनहवेच्या ट्यूबची जाहिरात पाहिली की मन ओढ घेणारच. टायर तोच, आत फुगणाऱ्या ट्यूबऐवजी फोमचे किंवा रबराचे भरीव कडे. काटा घुसला तरी सुटून जायला आत हवाच नाही. पंप नको, सोल्युशन नको, ठिगळ नको. यातला शब्दन् शब्द खरा आहे. प्रश्न आहे तो त्याच्या मोबदल्यात काय द्यावे लागते, हा.

भरीव रबर सायकलीला नवे नाही. आधी तेच होते. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची रबरी नळी बसवली. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने हवेच्या टायरवर बेलफास्टमधल्या शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस भरले. कारण साधे आहे. चाक फिरताना टायरचा खालचा भाग दबतो आणि पुन्हा फुगतो. दबलेली हवा घेतलेली ताकद जवळपास सगळी परत देते. फोम आणि रबर तिच्यातला काही वाटा उष्णता करून आतच जिरवतात. तो वाटा दर फेऱ्याला पायांनी भरून द्यायचा. मोबाईक या चिनी कंपनीने भाड्याच्या सायकलींना बिनहवेचे टायर लावले होते; २०१८ मध्ये ती पुण्यातही आली. शहरातल्या छोट्या फेऱ्यांना ते खपून जाते. चढावर, समोरून वारा असताना, मागे कॅरिअरवर दप्तर किंवा बहीण असताना खपत नाही.

दुसरा मोबदला चाक देते. हवा खड्ड्याचा दणका स्वतः सोसते. ती नसली की दणका रिमवर, ताड्यांवर आणि शेवटी मनगटांवर जातो. ताडी तुटते, चाक आउट होते. पंक्चर गावातही निघू शकते. आउट काढायला मात्र चांगला हात लागतो. हे कडे बसवणेही सोपे नाही, कारण ते रिमला घट्ट आवळलेले राहावे लागते. सैल बसले तर वळणावर टायर रिमवरून सरकतो, आणि तो धोका पंक्चरपेक्षा वाईट.

घट्ट बसायचे तर माप अचूक हवे, आणि इथेच अनेकांचे पैसे बुडतात. आपली जुनी काळी डबल रॉडची सायकल २८ इंची म्हणतात, आणि नव्या धाटणीच्या शहरी सायकलीलाही २८ इंची म्हणतात. पहिलीच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, दुसरीच्या रिमचा ६२२. मुलींच्या २६ इंची सायकलीत बहुधा ५९० आणि जाड टायरच्या २६ इंचीत ५५९. हवेची ट्यूब ताणून भागते, भरीव कडे भागत नाही. टायरच्या कडेवर ४०-६३५ किंवा ३७-५९० असा आकडा छापलेला असतो. इंचावर न जाता तो वाचावा.

माझे मत असे: घर ते कारखाना तीन-चार किलोमीटर, रस्ता डांबरी, ओझे नाही आणि उशीर झाला तर रोज बुडतो, अशा माणसाने बिनहवेची ट्यूब जरूर घ्यावी. शिवाराच्या कच्च्या वाटेने शाळेत जाणाऱ्या मुलीला ती देऊ नये. तिच्यासाठी हवाच बरी, फक्त टायर आणि ट्यूबच्या मध्ये काटारोधक पट्टी घालावी. पट्टी मिळाली नाही तर जुनी ट्यूब लांबीत चिरून, व्हॉल्व्ह कापून, आस्तरासारखी पसरावी. दुकानदार हे वर्षानुवर्षे करत आले आहेत. हवा पुरेशी ठेवावी. ढिल्या टायरची ट्यूब खड्ड्यात रिमखाली चेंगरून फाटते आणि तिथे पट्टीचाही उपयोग नसतो.

सायकल विकत घेतानाच दोन्ही चाकांत ही पट्टी टाकून घ्या, असे आईबापांना सांगणे आहे. आणि मुख्याध्यापकांना विनंती, की शाळेत एक पंप, एक घमेले, सोल्युशन आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या ठेवा आणि पंक्चर कसे काढतात ते आठवीच्या मुलींना एकदा शिकवा.